कॉलेज चांगलं आहे, म्हणजे नेमकं काय? : एका विधी महाविद्यालयाचं प्रकरण

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या हद्दीतल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेलं अनुदानित विधी महाविद्यालय. पदवीनंतरचा तीन वर्षांचा आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा, असे दोन्ही अभ्यासक्रम. वेळ सकाळी आठ ते बारा. विद्यार्थ्यांत निम्मे आसपासच्या तालुक्यांतून एसटीने येणारे, बरेच जण दुपारी नोकरी करणारे. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. कॉलेज आणि त्याच्याबद्दलचे आकडे काल्पनिक आहेत. नियम, कलमं, निकाल आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

कॉलेजची नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या तपासणीची, तयारी सुरू झाली. स्वयंअध्ययन अहवालात संस्थेची बलस्थानं, उणिवा, संधी आणि आव्हानं लिहावी लागतात. एरवी हा भाग दोन प्राध्यापक बसून एका दुपारी लिहून टाकतात. या वेळी प्राचार्यांनी विद्यार्थी परिषदेला सांगितलं, की विद्यार्थ्यांची बाजू तुम्हीच तयार करा. मुदत दिली तीन आठवड्यांची.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

परिषदेने गूगल फॉर्म काढला. "कॉलेजची तीन बलस्थानं आणि तीन उणिवा लिहा" एवढाच प्रश्न. दोनशेच्या वर उत्तरं आली. बलस्थानांत "शिक्षक चांगले आहेत", "ग्रंथालय मोठं आहे", "वेळ सोयीची आहे". उणिवांत "प्लेसमेंट नाही", "प्रॅक्टिकल ज्ञान मिळत नाही", "जेएमएफसीचं (कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेचं) मार्गदर्शन नाही", "वायफाय चालत नाही". आणि उणिवांतही पुन्हा "शिक्षक तास घेत नाहीत".

यातून काहीच हाती लागेना, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. फॉर्म ईमेल आयडी नोंदवून घेत होता, त्यामुळे अंतर्गत गुणांबद्दल एकाही विद्यार्थ्याने अवाक्षर काढलं नाही. उत्तरं देणाऱ्यांत पहिल्या वर्षाचे जास्त होते. ज्यांनी अजून एकही सत्र परीक्षा दिलेली नाही, ते अभ्यासक्रमाबद्दल काय सांगणार? ज्यांना सगळ्यात जास्त माहीत होतं, ते शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कोर्टात किंवा ऑफिसात होते, त्यांनी फॉर्म उघडलाच नाही. शिवाय "शिक्षक चांगले" आणि "शिक्षक तास घेत नाहीत" ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, हे मतांच्या बेरजेत दिसत नाही. नॅकच्या स्वतःच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातही २१ प्रश्न असतात. त्यातल्या २० प्रश्नांना शून्य ते चार असे गुण द्यायचे असतात आणि शेवटचा सूचनांसाठी मोकळा असतो. सरासरी चांगली आली तरी नेमकं काय बदलायचं, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरा प्रयत्न : दावा आणि नोंद

दुसऱ्या वेळी परिषदेने सात जणांचा गट केला. प्रत्येक वर्षाचे विद्यार्थी त्यात होते, शिवाय नोकरी करणारा एक, वसतिगृहातली एक आणि मराठीतून पेपर लिहिणारे दोघे. ही निवड महत्त्वाची होती. विद्यार्थी परिषदेत आणि मूट कोर्टाच्या (सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यांच्या) संघात सहसा तीच मुलं असतात ज्यांना कॉलेजचा फायदा आधीच मिळतो आहे. त्यांनीच मूल्यमापन केलं तर कॉलेज नेहमी उत्तम ठरतं.

गटाने एकच नियम धरला. प्रत्येक मत असं लिहायचं की ते खोटं ठरवता आलं पाहिजे, आणि ते कोणत्या नोंदीवरून तपासणार तेही शेजारी लिहायचं. "ग्रंथालय मोठं आहे" हे वाक्य चालणार नाही. "भारतीय न्याय संहितेवरचं पाठ्यपुस्तक मागितल्यापासून आठवड्यात मिळतं" हे चालेल, कारण ते देवघेव नोंदवहीतून तपासता येतं. प्राचार्यांना पत्र देऊन पाच प्रकारच्या नोंदी पाहायची परवानगी घेतली : वेळापत्रक आणि हजेरीपत्रकं, ग्रंथालयाच्या दाखल आणि देवघेव नोंदवह्या, मूट आणि इंटर्नशिपच्या डायऱ्या, विधी सहाय्य केंद्राची नोंदवही, आणि मागच्या तीन तुकड्यांची उत्तीर्णांची यादी. पत्रात दोन अटी विद्यार्थ्यांनी स्वतःहून घातल्या. कोणाचंही नाव उतरवून घ्यायचं नाही, आणि प्रत्येक नोंद दोघांनी स्वतंत्रपणे मोजायची. या अटींमुळेच परवानगी लवकर मिळाली.

तास होतात की नाही

एका सत्राचे वेळापत्रकातले तास आणि हजेरीपत्रकावर प्रत्यक्ष झालेले तास यांची विषयवार तुलना केली. पूर्णवेळ प्राध्यापकांचे बहुतेक तास झालेले होते. तासिका तत्त्वावर येणाऱ्या वकिलांचे बरेच बुडाले होते. इथे थांबलं असतं तर "बाहेरचे वकील अनियमित" अशी उणीव लिहून मोकळं होता आलं असतं. एका सदस्याने तीच आकडेवारी वेळेनुसार लावून पाहिली आणि चित्र बदललं. त्याच वकिलांचे आठ आणि नऊचे तास जवळजवळ सगळे झाले होते, बुडाले होते ते दहा आणि अकराचे. अकराला कोर्ट बसतं, त्याआधी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघायचा असतो, पक्षकार येऊन थांबलेले असतात. ज्याच्या तीन केस बोर्डावर आहेत तो वकील दहाला वर्गात उभा राहील ही अपेक्षाच चुकीची आहे.

वकिलांनी शिकवणं ही काही तडजोड नाही. वकिली चालू ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला वकिलांच्या अध्यापनाबद्दलच्या १९७९ च्या नियमांनीच मुभा दिली आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता किंवा पुरावा कायदा रोज कोर्टात उभ्या राहणाऱ्याकडून शिकणं हे गावातल्या कॉलेजचं खरं बळ आहे. उणीव वेळापत्रकात होती. वकिलांचे तास पहिल्या दोन घड्याळी तासांत, पूर्णवेळ प्राध्यापकांचे नंतर, एवढा बदल प्राचार्य स्वतःच्या अधिकारात करू शकतात, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

डायरीतला खटला आणि ई-कोर्ट्सवरचा खटला

"प्रॅक्टिकल ज्ञान मिळत नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा आली होती, म्हणून गटाने सर्वांत जास्त वेळ इथे घालवला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत मूट कोर्ट आणि इंटर्नशिपचा १०० गुणांचा सक्तीचा पेपर आहे. त्यात प्रत्येकी १० गुणांचे तीन मूट, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराची मुलाखत, खटल्याची पूर्वतयारी आणि इंटर्नशिप डायरी यांना ३०, आणि तोंडी परीक्षेला १० गुण. निरीक्षणाचे खटले दोन, एक दिवाणी आणि एक फौजदारी.

गटाने शेवटच्या वर्षाच्या वीस डायऱ्या नावं झाकून घेतल्या. प्रत्येक डायरीतल्या खटल्याचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला. हा सोळा अक्षरअंकांचा क्रमांक टाकला की खटल्याचा सगळा इतिहास समोर येतो : कोणत्या तारखेला बोर्डावर होता, कोणत्या टप्प्यावर होता, पुढची तारीख काय पडली. तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं तेही दिसतं.

वीसपैकी अकरा डायऱ्यांत एकच दिवाणी दावा होता. त्यातल्या सहा जणांनी एका तारखेला वादीच्या साक्षीदाराची सरतपास आणि उलटतपास सविस्तर लिहिली होती. नोंदीप्रमाणे त्या दिवशी प्रतिवादीने मुदत मागितली होती, अर्ज मंजूर झाला होता आणि पुढची तारीख पडली होती. काही डायऱ्यांत सीएनआर क्रमांकच नव्हता. एका डायरीत दोषारोप निश्चित होण्याआधीच निकाल लागला होता.

मुलं आळशी आहेत असा निष्कर्ष इथे सहज काढता आला असता, पण तो अपुरा ठरला असता. गटाने नियमाचा मजकूर पुन्हा वाचला. त्यात निरीक्षण पदवीच्या शेवटच्या दोन किंवा तीन वर्षांत, वेगवेगळ्या दिवशी करायचं आहे. कॉलेजने ते शेवटच्या सत्रात कोंबलं होतं. दिवाणी दाव्यात वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, युक्तिवाद, निकाल हे टप्पे वर्षानुवर्षं चालतात. एका सत्रात एका दाव्याच्या जेमतेम दोन-तीन तारखा पडतात, आणि त्यातल्या एखाद्या तारखेला काही घडलंच तर नशीब. त्यावर कॉलेजची कोर्टभेट म्हणजे साठ जणांची तुकडी एकाच दिवशी. कोर्टहॉलमध्ये तेवढी जागा नसते, मागच्यांना साक्षीदाराचा आवाज ऐकू येत नाही, आणि थोड्या वेळाने सगळे बाहेर आवारात. मग सीनिअरची डायरी उतरवण्याशिवाय काय उरतं?

गटाने सुचवलेली पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षापासून पाच-पाच जणांचे गट करायचे. आदल्या संध्याकाळी ई-कोर्ट्सवर दुसऱ्या दिवसाचा बोर्ड बघून पुराव्याच्या टप्प्यावर असलेला खटला निवडायचा. सत्र न्यायालयातला खटला मिळाला तर उत्तम, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ प्रमाणे साक्षी सुरू झाल्यावर त्या रोजच्या रोज घेणं अपेक्षित असतं आणि सलग काही दिवस बसून काहीतरी पाहायला मिळतं. डायरीच्या प्रत्येक नोंदीत सीएनआर, टप्पा, कोणाची साक्ष, वकिलाने घेतलेली एखादी हरकत, न्यायाधीशांनी त्यावर काय म्हटलं, आणि शेवटी "मला काय कळलं नाही" अशी एक ओळ. ही शेवटची ओळ उतरवून काढता येत नाही. तपासणाऱ्या शिक्षकाने सीएनआर टाकून तारीख जुळवायची. जुळवणीला दोन मिनिटं पुरतात. इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, चालणाऱ्या खटल्यांत बसायचं नाही, आणि लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही डायरीत लिहायचं नाही. अशी ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि डायऱ्या वर्गात हातोहात फिरतात हे विसरून चालत नाही.

इंटर्नशिपचा हिशेबही असाच चुकत होता. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे, आणि कोणत्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने पहिलं वर्ष वाया घालवलं, की पुढे तुकड्या-तुकड्यांनी भरपाई करावी लागते. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

पुस्तकं आहेत, पण कोणती?

बार कौन्सिलचा निकष विद्यार्थ्यामागे दहा पुस्तकांचा आहे. शिवाय ठरावीक नियतकालिकांचे किमान दहा वर्षांचे जुने खंड लागतात. दाखल नोंदवहीप्रमाणे कॉलेज दोन्ही निकषांत आरामात बसत होतं. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. त्यानंतर दाखल झालेली नव्या कायद्यांवरची पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांच्यासाठी प्रतीक्षायादी लागलेली होती.

गटातल्या काहींनी जुनी पुस्तकं काढून टाकायची सूचना केली. ती चुकीची होती, आणि सुदैवाने गटातच ती खोडली गेली. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते. आजही सत्र न्यायालयात खुनाच्या एका खटल्यात कलम ३०२ आणि दुसऱ्यात कलम १०३ ऐकू येतं. नव्या वकिलाला दोन्ही यावी लागतात. म्हणून मागणी अशी झाली की जुनी पुस्तकं तशीच ठेवा, नव्या तिन्ही कायद्यांचे मराठी आणि इंग्रजी बेअर अ‍ॅक्ट पुरेशा प्रतींत आणा, आणि वाचनकक्षात जुन्या-नव्या कलमांचा तक्ता लावा : ४२० चं ३१८, अटकपूर्व जामिनाच्या ४३८ चं ४८२, पोटगीच्या १२५ चं १४४, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या ६५-ब चं ६३. तक्त्यावर अवलंबून राहण्यात धोकाही आहे, कारण सगळंच एकास एक बदललेलं नाही. समाजसेवेची शिक्षा नवी आहे, संघटित गुन्हेगारीचं कलम १११ नवं आहे, आणि राजद्रोहाच्या १२४-अ चा मजकूर तसाच्या तसा १५२ मध्ये आलेला नाही.

निकालपत्रांसाठी पैसे लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा ई-एससीआर हा निकालपत्रांचा ऑनलाइन संग्रह जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. तो वापरता येतो हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. ही उणीव एका तासाच्या प्रात्यक्षिकाने दूर होते.

पारडं बदलवणाऱ्या दोन गोष्टी

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या हद्दीत आहेत. इंटर्नशिपच्या नियमात संपूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी खटले चालवणाऱ्या आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे काम करणं अपेक्षित आहे. यातला अपिलाचा भाग आजवर मुंबईला जाऊन राहणं परवडणाऱ्यांनाच जमायचा. आता तो एसटीच्या अंतरावर आला आहे. कॉलेज तेच, इमारत तीच, आणि त्याची जागा उणिवेतून संधीत गेली. मात्र आपोआप काही होत नाही. बेंचसमोर काम करणाऱ्या वकिलांची यादी करून, कॉलेजचं पत्र घेऊन त्यांच्याकडे जागा ठरवाव्या लागतील.

दुसरी गोष्ट २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने परत आणली, आणि ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून (वकिलीच्या परवान्यापासून) मोजायची आहेत. "जेएमएफसीचं मार्गदर्शन नाही" ही उणीव त्यामुळे हलकी झाली. शेवटच्या वर्षात परीक्षेचा क्लास लावण्यापेक्षा सनद वेळेत घेणं आणि चांगल्या सीनिअरकडे लागणं जास्त मोलाचं झालं. सनदेचं शुल्क जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये यापुढे जाऊ शकत नाही, हेही अनेकांना नव्याने कळलं.

"प्लेसमेंट नाही" हा आरोपही असाच उलगडला. मागच्या तुकड्यांना फोन केल्यावर कळलं की बहुतेक जण तालुका आणि जिल्हा न्यायालयांत वकिली करतात. त्यांची अडचण कंपन्या कॉलेजात येत नाहीत ही नव्हती. पहिली दोन वर्षं ज्युनिअरला सीनिअरकडून हातात फार काही पडत नाही, ही होती. उणीव तीच लिहिली, पण नेमक्या शब्दांत.

मराठीबद्दल गटाने फार वेळ घेतला नाही. जिल्ह्यातल्या दुय्यम न्यायालयांचं काम मराठीत चालतं, उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. मराठीतून पेपर लिहिणारा विद्यार्थी दावा-कैफियत छान लिहितो आणि निकालपत्र वाचताना अडतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्याची गत बरोबर उलट. आठवड्यातून एकदा दोघांना जोडीने मसुदा लिहायला बसवा, अशी सूचना गेली. विधी सहाय्य केंद्राच्या नोंदवहीत फक्त शिबिरांच्या दिवशीच्याच नोंदी होत्या. एकाही माणसाचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नव्हतं. विद्यार्थी वकील नसल्याने केस चालवू शकत नाहीत, पण महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतले आरोपी अशांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, आणि त्यांचा अर्ज भरून तालुका विधी सेवा समितीकडे पोचवणं विद्यार्थ्यांना नक्की जमतं. नोंदवहीत "अर्ज दिल्याची तारीख" आणि "वकील मिळाल्याची तारीख" असे दोन रकाने वाढवायला सांगितले.

वेळेचा पेच

सगळ्यात अवघड मुद्दा शेवटी आला, आणि तो बलस्थानांच्या यादीतून आला. "सकाळची वेळ सोयीची" हे जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं. बार कौन्सिलच्या नियमांत नियमित अभ्यासक्रमाची व्याख्या आहे : दिवसाला सलग किमान पाच तास, त्याशिवाय अर्ध्या तासाची सुट्टी, आणि आठवड्याला किमान ३० तास. त्यात व्याख्यानं २४ तासांपेक्षा कमी नकोत. कॉलेज आठ ते बारा, सहा दिवस. २४ व्याख्यानं बरोबर बसत होती. मूट, ट्यूटोरिअल, परिसंवाद यांचे सहा तास कुठेच नव्हते. मूट शनिवारी जमेल तसे व्हायचे, आणि डायऱ्यांच्या दुरवस्थेचं मूळही इथेच होतं. म्हणजे अहवालात "सोयीची वेळ" हे बलस्थान म्हणून लिहिणं हे नियमभंग स्वतःच्या सहीने कबूल करण्यासारखं होतं.

उपाय कागदावर सोपा आहे. कॉलेज दीडपर्यंत वाढवायचं आणि वाढलेल्या रोजच्या तासात मूट, मसुदालेखन, निरीक्षणाची तयारी घ्यायची. मग दुपारच्या सत्रात कोर्टातही जाता येतं. पण साडेबाराला ड्युटीवर हजर व्हावं लागणाऱ्याचं काय? प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी मूट आणि ट्यूटोरिअललाही लागू आहे. अपवादात्मक कारण असलं तरी त्या विषयात ६५ टक्क्यांच्या खाली सूट नाही, आणि सर्व विषय मिळून ७० टक्के भरावेच लागतात.

गटात यावर दोन बैठका झाल्या. सहा जणांचं मत पडलं की वेळ हा मुद्दा उणिवेतच लिहावा आणि पाचवा तास पुढच्या शैक्षणिक वर्षापासून सुरू करावा, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना कामाची पाळी बदलून घ्यायला अवधी मिळेल. आमच्या मते हा निर्णय योग्य आहे. लपवलेली त्रुटी तपासणी समितीसमोर उघडी पडली तर मान्यतेवर येतं, आणि तेव्हा सगळ्यात आधी मार बसतो तो नोकरी करून शिकणाऱ्यालाच.

चार पानांचा अहवाल तयार झाला. प्रत्येक उणिवेसमोर ती कोण दूर करू शकतं ते लिहिलं होतं : शिक्षक, प्राचार्य, महाविद्यालय विकास समिती की विद्यापीठ. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव विकास समितीवर असतात आणि समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात, त्यामुळे अहवाल विषयपत्रिकेवर आणायला वेगळी परवानगी लागली नाही. वकिलांच्या तासांचा बदल आणि डायरीचा नवा नमुना लगेच मंजूर झाला. पुस्तकांसाठी तरतूद झाली, मागितल्यापेक्षा कमी. पाचव्या तासाचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. गटातल्या नोकरी करणाऱ्या सदस्याने त्यावर एक पानाची भिन्नमतपत्रिका लिहिली होती, आणि तिच्यात वाढीव तास आठवड्यातून तीनच दिवस, दोन-दोन तासांचा करावा असा पर्यायी प्रस्ताव होता. आठवड्याचे ३० तास त्यात भरतात, रोजच्या पाच सलग तासांची अट भरत नाही. ती पत्रिका त्या त्रुटीसह मूळ अहवालाला जोडूनच समितीकडे गेली आहे.